वाट बघा

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी येरवड्याच्या मैदानावर गोल्फ शिकू लागले. लांबचे फटके हळूहळू जमू लागले, पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचलं की हात कापायचे. तिथून चेंडू होलकडे ढकलायचा फटका म्हणजे पट. मला तीन पट लागायचे, कधी चारही. पार 72 च्या, म्हणजे 72 फटके अपेक्षित असलेल्या, मैदानात दर ग्रीनला दोन याप्रमाणे 36 पट धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ. तो निम्मा खेळ मला माझी बॅग उचलणाऱ्या कॅडीनं दिला. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले.

"मॅडम, होलकडं नका बघू. वाट बघा," हे त्यांचं पहिलं वाक्य.

ते मला होलच्या उताराकडच्या बाजूला नेऊन उकिडवं बसवत. तिथून जमिनीचा कल कळतो. गवत चकाकत असेल, तर पाती आपल्यापासून पलीकडे झुकलेली, चेंडू पळणार. गडद दिसलं, तर पाती आपल्याकडे, चेंडू अडणार.

मी दिशेची काळजी करत असे. ते अंतर शिकवत. तीस फुटांवरून दिशा फार तर दोन फूट चुकते, पण चेंडू आठ फूट मागे राहिला की तिसरा पट ठरलेलाच. म्हणून दहा, वीस, तीस फुटांवरून नुसतं ग्रीनच्या कडेपर्यंत चेंडू नेऊन थांबवायचा. मनगट मोडायचं नाही, खांदे झोपाळ्यासारखे हलवायचे, पटर, म्हणजे पट मारायची काठी, जितका मागे तितकाच पुढे. होल सव्वाचार इंचांचा असतो, पण जोरात आलेला चेंडू नेमका मधोमध नसेल तर काठावरून निसटतो. हळू आलेल्याला काठही आत घेतो.

मग तीन फुटांचे पट. पटर जेमतेम जाईल एवढ्या फटीत दोन टी, म्हणजे छोट्या खुंट्या, रोवायच्या आणि त्यांना धक्का न लावता मारायचं. मारल्याबरोबर मी मान वर करायची, खांदा उघडायचा, चेंडू डावीकडे जायचा. मामा मागून म्हणायचे, "आवाज येऊ द्या. वाट बघा."

तेव्हा कुठे ते दोन शब्द मला पुरते कळले. मारण्याआधी वाट बघायची ती डोळ्यांनी. मारल्यानंतर वाट बघायची ती कानांनी.

फेरी संपल्यावर संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर ते तासभर माझ्यासोबत थांबत. त्याचे पैसे द्यायला गेले, तर म्हणाले, "इथं बॅग कुठं उचलली मी?" आणि हात मागे घेतला. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि मामा गावी गेले. आयुष्यभर मी लोकांच्या कर्जखात्यांचे हिशेब पाहिले. त्या संध्याकाळी मात्र माझ्याच नावावर राहिल्या आणि त्या फेडायची घाई मला नाही.

आजही तीन फुटांवर उभी राहते, मारते आणि मान खालीच ठेवते. टप्प असा आवाज येईपर्यंत.