पिट्सबर्गची एक कबर आणि उशिरा झालेली नोंद

अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. तेथील लॉरेन्सव्हिल भागात अ‍ॅलेघेनी नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथल्या एका साध्या दगडावर कोरले आहे : जोशुआ गिब्सन, १९११–१९४७, दंतकथा बनलेला बेसबॉलपटू. हा दगडही १९७५ साली बसला, तोही जुना सहकारी टेड पेज व इतरांनी खटपट केली म्हणून. त्याआधी अठ्ठावीस वर्षे या कबरीवर नाव नव्हते.

कोण हा जॉश गिब्सन? जॉर्जिया राज्यातल्या गरीब कृष्णवर्णीय घरात तो जन्मला. वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळाले आणि मागोमाग कुटुंब आले. जॉशही कोवळ्या वयातच कारखान्यात कामाला लागला. पण त्याच्या मनगटात वेगळेच बळ होते.

बेसबॉलमध्ये चेंडू हवेतून थेट कुंपणापार गेला की 'होमरन' होते. आपल्याकडचा षटकारच म्हणा. गिब्सन यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळी आणि हाती दांडके घेतले की कुंपणे अपुरी पडत. परंतु गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेचे दार त्याला बंद होते. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. सर्व संघमालकांनी मिळून पाळलेला तो अलिखित बहिष्कार होता.

म्हणून कृष्णवर्णीयांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा भरवल्या. पिट्सबर्गच्या हिल वस्तीत गस ग्रीनली या कृष्णवर्णीय मालकाने १९३२ साली स्वतःचे मैदान बांधले, कारण भाड्याच्या गोऱ्या मैदानात खेळायला मिळे, पण कपडे बदलायच्या खोलीत प्रवेश नसे. या मैदानावर गिब्सन खेळला. १९३८ साली ते पाडले गेले व तिथे सरकारी घरांची वसाहत उभी राहिली. नदीकाठच्या होमस्टेड गावाचे नाव लावणाऱ्या 'ग्रेज' संघाकडूनही त्याने अनेक वर्षे मैदाने गाजवली.

२० जानेवारी १९४७ रोजी अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. तीन महिनेही उलटले नाहीत तोच, १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ती बंदी मोडून मैदानात उतरला.

कचेरीत काम करणाऱ्यांना ठाऊक असते, की वहीत नोंद नाही ते काम झालेच नाही असे धरले जाते. गिब्सनचे तेच झाले. १९७२ साली त्याला बेसबॉलच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले, पण अधिकृत विक्रमांच्या वहीत तो नव्हताच. ती नोंद मे २०२४ मध्ये झाली. वही उघडली तेव्हा त्याची कारकिर्दीची सरासरी .३७२ निघाली, म्हणजे हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके. टाय कॉब या गोऱ्या खेळाडूचा .३६७ चा विक्रम मागे पडला. आज पहिले नाव गिब्सनचे आहे.

हे आकडे आले कुठून? मोठ्या वृत्तपत्रांनी या सामन्यांकडे बहुतेक पाठच फिरवली होती. पण 'पिट्सबर्ग कूरियर'सारखी कृष्णवर्णीयांची साप्ताहिके सामन्यांचे तक्ते छापत राहिली. संशोधकांनी तीच पिवळी पडलेली पाने चाळून एकेक फटका मोजला. ज्यांना बाहेर ठेवले होते, त्यांच्याच समाजाच्या छोट्या पत्रांनी त्यांचा हिशेब जपून ठेवला. म्हणूनच गिब्सन नुसती दंतकथा उरला नाही.