सारखे गोळे, निराळीं भोंकें

एकत्र कुटुंबांत न्याय म्हणजे सारखी वांटणी, अशी आमची पिढीजात समजूत. एकाच ताग्याचे सदरे सर्व मुलांस शिवावे, लाडू मोजून वांटावे, म्हणजे कोणाची तक्रार उरत नाहीं. ही समजूत कोठें तोकडी पडते, तें आम्हीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें भावाकडे गेलों असतां, बोलिंगच्या गोळ्यांस भोंकें पाडून देणाऱ्या एका दुकानांत पाहिलें.

या खेळांत ६० फूट लांब, तेल दिलेल्या पट्टीवरून गोळा सोडून पलीकडील १० पिना पाडावयाच्या असतात. गोळा १६ पौंडांहून जड चालत नाहीं. तो बाहेरून वाटोळा. पण आंत एक घडीव गाभा असतो, व त्याच्या माथ्याची जागा पृष्ठावरील टिंबानें कळते. बोटांचीं भोंकें त्या टिंबाच्या मानानें कोठें पाडावीं, यावर गोळ्याचें वळण बरेंच अवलंबून असतें.

दोघां पुतण्यांस एकाच जातीचे गोळे घेतले होते. वहिनींचें म्हणणें, भोंकेंहि सारखींच हवींत. नाहीं तर धाकटा रुसेल. कारागिरानें नकारार्थी मान हलविली. आधीं त्यानें दोघांसहि जुने गोळे टाकावयास लाविलें, आणि गोळ्यावर उमटलेल्या तेलाच्या वलयांवरून प्रत्येकाचा गोळा कोणत्या आंसाभोंवतीं फिरतो, तें मापून काढलें. थोरल्याच्या हातास फिरकी कमी. म्हणून त्याच्या आंसाच्या टोंकापासून टिंब सव्वातीन ते साडेतीन इंचांच्या दरम्यान ठेविलें. त्या अंतरावर आंस सर्वांत अधिक सरकतो, दर फेऱ्यास तेल न लागलेला भाग पट्टीस टेंकतो, आणि पकड वाढते. धाकट्याची फिरकी मुळांतच जबर. त्याचें टिंब ५ इंचांवर नेलें. हेंच अंतर पावणेसात इंच केलें, तर आंस जवळजवळ सरकतच नाहीं.

पूर्वीं तोल सुधारण्यासाठीं एखादें जादा भोंक पाडतां येई. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसनें १ ऑगस्ट २०२० पासून तें बंद केलें. तेव्हां पहिलेंच माप नेमकें हवें.

धाकटा रुसला खरा. त्यानें दादाचा गोळा उचलून पाहिला, तों बोटेंच बसेनात! मग आपला उचलून तो मुकाट्यानें पट्टीकडे गेला.

सारखें देणें सोपें. त्यास घेणाऱ्याकडे पाहावें लागत नाहीं. ज्याचें त्यास देण्यासाठीं आधीं त्याचा हात पाहावा लागतो, आणि भरल्या घरांत तेवढी सवड आपण क्वचितच काढतों.