न्यायाधीशाचें माहेर

माझी ज्येष्ठ कन्या दिवाणी न्यायाधीश आहे. गेल्या दिवाळींत ती अकोटास माहेरीं आली असतां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ शेताच्या धुऱ्याच्या तंट्याचे कागद घेऊन आले. लहानपणीं हिला खांद्यावर बसवून नरसिंगमहाराजांच्या मंदिरांत नेणारे ते हेच. दावा दुसऱ्याच न्यायालयांत चालूं होता. त्यांस केवळ एक नजर टाकून हवी होती. ताईनें फराळाचें ताट पुढें केलें. कागदांस मात्र हात लावला नाहीं. "काका, हे वकिलांनाच दाखवा," एवढेंच ती नम्रपणें म्हणाली. काका उठून गेले. करंजी तशीच राहिली.

मला राग आला व तो मीं बोलूनहि दाखविला. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, समोरच्या पक्षालाहि कोणी काका म्हणणारी लेक असेल. ती न्यायाधीश असती आणि तिनें त्याचे कागद पाहिले असते, तर तुम्हांला चाललें असतें का?"

मजपाशीं उत्तर नव्हतें. रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या न्यायमूर्ति रानड्यांचें चरित्र आठवलें. उच्च न्यायालयाचें पद त्यांस १८९३ सालीं मिळालें. तत्पूर्वीं, १८७१ पासूनचीं बहुतेक वर्षें खालच्या न्यायालयांत गेलीं. १८७८ मध्यें पुण्याहून नाशिकास व १८७९ मध्यें, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमींत, धुळ्यास त्यांची बदली झाली. सरकारच्या मनांत त्यांच्याविषयीं संशय होता. तरी न्यायदानाचें काम त्यांनीं सोडलें नाहीं.

अमेरिकेंतील संघराज्याच्या जिल्हा न्यायाधीशास ही धास्ती नसते. अध्यक्षानें नेमिलें व सेनेटनें संमति दिली, म्हणजे सद्वर्तन असेपर्यंत त्याचें पद अबाधित. आपल्याकडे १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें, कलम २३५ अन्वयें, खालच्या न्यायाधीशांच्या बदल्या व बढत्या उच्च न्यायालयाच्या हातीं सोंपविल्या. रानड्यांस हा आधार नव्हता, ताईस आहे. तिचें बिऱ्हाड मात्र कांहीं वर्षांनीं हलतेंच; आणि जेथें जावें तेथें ओळखी वाढवावयाच्या नाहींत, हा नेम सुटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी स्वतः फराळाचें ताट घेऊन काकांकडे गेलों. त्यांनीं दार उघडलें, ताट घेतलें. पण नेहमींप्रमाणें "आंत या" म्हणाले नाहींत. रिकाम्या हातांनीं परततांना मनांत आलें, लेकीच्या पदाची किंमत ती एकटीच देत नाहीं. तिच्यांतला थोडा वांटा माहेरासहि उचलावा लागतो. तो मीं त्या दिवशीं प्रथमच, तक्रार न करतां, उचलला.