तुतारीचा खिळा

दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या विद्यार्थ्यांस मी 'सुटीतील एक दिवस' हा विषय निबंधास दिला होता. वह्या तपासताना एका निबंधापाशी लेखणी थबकली. हा विद्यार्थी मामाकडे पुण्यास गेला होता व तेथे त्याने 'गो-कार्ट' नावाची ठेंगणी मोटार शर्यतीत चालविली होती. वर्णन मोठे चटकदार होते, परंतु शेवटी त्याने लिहिले होते, "वळणावर मामेभावाच्या गाडीस मागून धक्का देऊन मी त्याला टायरांच्या भिंतीवर धाडले आणि पहिला आलो." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दहांपैकी आठ गुण सहज द्यावे असा तो निबंध. पण तो आकडा माझ्याने लिहवेना.

कारण सांगावयाचे तर मला माझ्या बाळपणात शिरले पाहिजे.

आपला वर्धा जिल्हा हा गवळाऊ बैलांचा मुलूख. पांढरा वर्ण, हलकी अंगलट, चपळ पाय. मराठ्यांच्या फौजांचे सामान हेच बैल वेगाने नेत, असे सांगतात. आपल्याच कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे या जातीचे शासकीय पैदास क्षेत्र आहे. अशा मुलखात शंकरपटाचे वेड नसेल तरच नवल! पटात जोडी खरोखर घड्याळाशी धावते, आणि इनाम मिळते किंवा हुकते ते सेकंदाच्या एखाद्या अंशाने.

१९९२ च्या हिवाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. घराशेजारच्या एका शेतकरी काकांची जोडी पटात उतरावयाची होती व ते स्वतःच धुरकरी होते. आदल्या वर्षी त्यांचे इनाम थोडक्यात हुकले होते. त्याचे शल्य त्यांच्यापेक्षा मलाच अधिक होते, कारण त्या बैलांस रोज वैरण घालणारा मी! काकांनी आपल्या तुतारीची आर मुद्दाम काढून टाकलेली होती. पटाच्या आदल्या रात्री मी गोठ्यात शिरलो आणि तुतारीच्या टोकास एक बारीक खिळा ठोकला.

दुसरे दिवशी काकांनी नेहमीच्या सवयीने तुतारी नुसती टेकविली. उजवीकडचा बैल असा बिथरला की छकडी वाट सोडून प्रेक्षकांत घुसली. काकांचा खांदा निखळला. एका वृद्ध गृहस्थाच्या पायाचे हाड मोडले. बैलाच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रक्ताचा एक थेंब होता. त्याच्याहून मोठ्या जखमा मी पुढे पाहिल्या, पण तो थेंब अजून डोळ्यांपुढून जात नाही. सायंकाळी खिळा हातात घेऊन काका म्हणाले, "बैलाले का मालूम, खिळा कोनं ठोकला ते? त्याले वाटलं, म्याच टोचलं." मी तेथेच उभा होतो. मी काही बोललो नाही.

पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला; १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरविला. आता बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते, अंतर १००० मीटरांहून अधिक चालत नाही, आणि काठी, चाबूक वा टोचणी यांस मनाई आहे. काही जुने शौकीन या अटींवर कुरकुरतात. मला तर त्या फार उशिरा आल्या असे वाटते.

कार्टचेही असेच आहे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स याने गवत कापावयाच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट बनविली, तेव्हापासून ती गाडी खेळण्यासारखी दिसते. परंतु तिला स्प्रिंगा नसतात, आणि शर्यतीच्या गाडीची चाके बहुतांशी उघडी असतात. एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकावर चढले की गाडी हवेत उडते. पिवळे निशाण दिसताच कोणी कोणास ओलांडावयाचे नाही. निळे दिसले की मागून फेरी चढवून येणाऱ्यास वाट द्यावयाची. पुढच्याने वारंवार आडवे यावयाचे नाही, मागच्याने ढकलावयाचे नाही. मोठ्या स्पर्धांत तर गाडीचे नाकच असे बसवितात की धक्का देणाऱ्याचे ते मागे सरकते, आणि त्याच्या वेळेत दंडाचे सेकंद मिळविले जातात. खिळा लपविण्याची सोय तेथे ठेवलेली नाही!

त्या विद्यार्थ्यास मी मधल्या सुटीत बोलावले व रागे न भरता ही खिळ्याची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, काकांना तुम्ही पुढे कधी सांगितलेत?"

"नाही. २००९ साली ते गेले."

तो वही घेऊन गेला. दुसरे दिवशी प्रार्थनेच्या घंटेआधी तो माझ्या मेजापाशी येऊन उभा राहिला. रात्री त्याने मामेभावास फोन केला होता.

"काय म्हणाला तो?" मी विचारले.

"म्हणाला, मला तेव्हाच कळले होते. तू केव्हा सांगतोस, तेवढेच पाहत होतो."