खांदेमळणी

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आजोबा बैलांची खांदेमळणी करायचे. हळद आणि तूप तळहातावर घ्यायचं आणि जू घासून जिथं घट्टे पडलेत तिथं हळूहळू जिरवायचं. बैल मान खाली घालून उभा. दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही, पुरणपोळी आहे. आम्ही ख्रिस्ती, पण गावात बेंदूर सगळ्यांचाच. कुणी टोकलं तर आजोबा म्हणत, “दहा आज्ञांत बैलाचं नाव हाय. अनुवाद, पाचवा अध्याय. काढून बघ.”

मी काढून बघितलं होतं. शब्बाथाच्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या मुलामुलीनं करू नये, दासानं, दासीनं, बैलानं, गाढवानं, दारी आलेल्या परक्यानंही करू नये. कारणही दिलंय: मिसरात तूही दास होतास, ते विसरू नकोस.

परवा गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत भाच्यानं नवा रोबो दाखवला. पिंजऱ्याच्या जाळीआड एकच हात. खांदा, कोपर, मनगट. तापलेलं कास्टिंग उचलायचं, वळायचं, ठेवायचं, परत यायचं. मी पाऊण तास बघत होतो, त्याची लय एकदाही चुकली नाही. “मामा, ह्याला दमणं ठाऊकच न्हाई,” भाचा कौतुकानं म्हणाला.

त्याच्या तोंडून ‘रोबो’ ऐकताना मला तो शब्द कुठून आला ते आठवलं. कारेल चापेक या चेक लेखकानं 1920 साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं. कारखान्यात माणसासारखे कामगार तयार करायचे, अशी कल्पना. त्यांना नाव काय द्यावं हे त्याला सुचेना. चित्रकार भाऊ योसेफनं सुचवलं: रोबोट. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडं सक्तीनं करावं लागणारं काम. आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, वेठ.

आणि त्याच 1920 साली इथं कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेठबिगारीला बंदी घातली. प्रागमध्ये एक लेखक यंत्राला वेठीचं नाव देत होता, करवीरात एक राजा माणसाच्या मानेवरची वेठ उतरवत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता असायचं कारण नाही. पण मला ती दोन माणसं एकाच प्रश्नाशी बसलेली दिसतात.

चापेकच्या नाटकात थोरल्या रॉसम या शास्त्रज्ञाला माणूस घडवून देव अनावश्यक ठरवायचा होता. धाकट्याला त्यातलं काही नको होतं, त्याला स्वस्त मजूर हवे होते. जग बुडालं ते धाकट्याच्या हिशेबानं. पुढं रोबोट उठाव करतात आणि माणसांचा संहार करतात. वाचतो तो एकटा आल्क्विस्ट, बांधकामाचा माणूस. का, तर तोही त्यांच्यासारखा हातानं काम करतो. शेवटी त्याच्यासमोर दोन रोबोट येतात, एकमेकांसाठी मरायला तयार असलेले. म्हातारा त्यांना आदाम आणि हव्वा म्हणून निरोप देतो आणि बायबल उघडून उत्पत्तीची कथा वाचतो. यंत्राच्या भयकथेचा शेवट असा देवळात येऊन बसतो.

मराठीतही ही वाट नवी नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी आपल्या कादंबरीला नाव दिलं ‘प्रेषित’. आमच्या उपासनेत हा शब्द पेत्र-पौलांसाठी येतो. त्यांनी तो परग्रहावरून आलेल्या मुलाला दिला. ‘वामन परत न आला’मधल्या यंत्रमानवासाठी ते पुराणात गेले. भविष्याला नाव द्यायची वेळ आली की विज्ञानाचा माणूसही आजीच्या ट्रंकेतच हात घालतो.

मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये मी लहानपणापासून बसतो. यंत्रांबद्दल तिथं प्रवचन झालेलं मला आठवत नाही. पण माती आणि कुंभाराचा दाखला कितीदा तरी ऐकलाय. त्यातली माती नेहमी आपण असतो. आता पहिल्यांदाच चाकावरचे हात आपले आहेत. घडवलेली वस्तू उलटेल का, ही धास्ती थरारकथांनी भरपूर विकली. घडवणारा कसा वागतो, हे विचारायला त्यांना सवड मिळत नाही. सहा दिवस घडवून सातव्या दिवशी थांबलेल्या देवाची गोष्ट मात्र नेमकी तेच विचारते.

“सुट्टी कधी असते ह्याला?” मी भाच्याला विचारलं.

“खंडेनवमीला. हार घालून बंद ठेवतो. एरवी तिन्ही पाळ्या. ग्रीसिंग मात्र ठरलेल्या तासाला, चुकवून चालत न्हाई.”

जाळीजवळ एक पोरगा उभा होता. यंत्रानं ठेवलेलं प्रत्येक कास्टिंग उचलून तो तपासत होता. हाताला दमणं ठाऊक नाही, म्हणून ह्यालाही दमायची सोय नाही. त्यानं पुढचं कास्टिंग उचलण्याआधी क्षणभर डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि स्वतःच दाबला. तेवढ्यात यंत्राचा हात वळून परत आला होता.