पडद्यातून उतरलेली गावे

मे महिना हा आपल्या वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांच्या वाट्याला येणारा जवळजवळ एकमेव मोकळा महिना. कापसाची आवक थांबलेली असते, तूर-हरभऱ्याचा बाजार ओसरलेला असतो आणि पेरणीपूर्वीची बी-बियाण्यांची, खतांची गर्दी अजून दुकानाची पायरी चढलेली नसते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न निघतो, या वर्षी कुठे जायचे?

कारंजा तालुक्यातील आमच्या धनजसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ठरलेले असे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, मुक्तागिरी, फार तर कुंथलगिरी किंवा थेट श्रवणबेळगोळ. आता उत्तरे बदलली आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोचला. कारंज्याजवळ महामार्गावर चढले की मुंबई ही आता एका दिवसाची वाट आहे. म्हणून मुले म्हणतात, खोपोलीचे इमॅजिका पाहू; कोणी म्हणते, यवतमाळ-आदिलाबादवरून हैदराबादची रामोजी फिल्म सिटी गाठू. दोन्ही ठिकाणांच्या मुळाशी चित्रपट आहे. घरातील पाच-सात माणसांचे तिकीट, मुक्काम आणि इंधन यांची बेरीज केली की खर्चही लहान नसतो. तेव्हा चित्रपटावर उभारलेली ही गावे माणसाच्या मनात खरोखर घर करतात का, की केवळ नावाची भुरळ घालतात, याचा थोडा विचार करायला हरकत नाही.

चित्रपटातील जग विटा-मातीत उभे करण्याची कल्पना अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांनी रूढ केली. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. मात्र त्याच्या प्रवेशद्वारातून आत शिरल्यावर लागणारा पहिला रस्ता कोणत्याही चित्रपटातला नव्हता. डिस्ने यांचे काही बालपण मिसुरी राज्यातील मार्सेलीन या लहानशा गावी गेले होते आणि त्या गावाच्या आठवणीतून तो बाजाररस्ता आकाराला आला होता. चित्रपट-उद्यानांच्या या आद्य पुरुषाने पाहुण्याच्या पावलांखाली प्रथम आपले गाव ठेवले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या प्रकारचा सर्वांत मोठा प्रयोग रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर झाला. चित्रपटांच्या फिती धुण्याच्या आणि छापण्याच्या व्यवसायातून नावारूपाला आलेल्या अ‍ॅडलॅब्सच्या मनमोहन शेट्टी यांनी तेथे २०१३ मध्ये इमॅजिका सुरू केले. चित्रपटांच्या धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस आपले सगळे उद्यान चित्रपटांवरच बेतेल, अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षात चित्रपटाच्या नावावर उभे राहिलेले तेथील ठळक आकर्षण म्हणजे ‘मिस्टर इंडिया’. हलत्या आसनांवर बसून समोरच्या पडद्यावरील मोगॅम्बोच्या जगात शिरायचे, अशी ती योजना आहे. बाकीच्या अनेक गोष्टी उद्यानाने स्वतः रचल्या आहेत. ‘सलीमगढ’ ही भयकथा तेथलीच. ‘राजासॉरस’ ही नावेतून होणारी सफर आहे आणि तिचे नाव आले आहे ते नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून. त्या प्राचीन महाकाय सरड्याला शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव दिले. ‘आय फॉर इंडिया’मध्ये तर बसल्या जागेवरून उंच उडत आपल्याच देशाचे डोंगर, नद्या आणि वास्तू पाहायच्या असतात.

‘मिस्टर इंडिया’ हा चित्रपट १९८७ सालचा. इमॅजिका उघडले तेव्हा तो २६ वर्षांचा झाला होता. ज्या पिढीने तो चित्रपटगृहात पाहिला, ती आता आजोबा होण्याच्या वाटेवर आहे. आज तेथे जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला मोगॅम्बो ठाऊक असतोच असे नाही. म्हणजे एकाच रांगेत बाप आठवणीसाठी उभा असतो आणि मुलगा केवळ गमतीसाठी. बापाचा आनंद चित्रपटावर अवलंबून आहे, मुलाचा यंत्रावर. चित्रपटावर बांधलेल्या प्रत्येक जागेची ही अंगभूत अडचण आहे. चित्रपट जुना होतो. त्याला ओळखणारे दर वर्षी थोडे थोडे कमी होतात आणि बांधकाम मात्र पन्नास वर्षांचे असते.

ही अडचण दुबईत फार स्पष्टपणे दिसली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथे ‘बॉलिवूड पार्क्स’ नावाचे मोठे उद्यान सुरू झाले. ‘शोले’, ‘लगान’, ‘डॉन’, ‘दबंग’, ‘क्रिश’ अशी आपल्या लोकांच्या ओठांवरची नावे तेथे होती. आखातात राहणाऱ्या लक्षावधी भारतीयांना यापेक्षा ओळखीचे काय असणार? तरीही ते उद्यान सात वर्षेही टिकले नाही, २०२३ मध्ये बंद झाले. नावांची वाण तेथे नव्हती. ‘शोले’चे नाव ऐकून एकदा येणारा माणूस दुसऱ्यांदा कशासाठी येईल, या प्रश्नाला मात्र पुरेसे उत्तर नव्हते. आपण व्यापारी माणसे, आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. पाटीवरचे नाव गिऱ्हाइकाला दुकानात आणते. पुन्हा येणे मालावर आणि वागणुकीवर ठरते.

याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती अधिक बोलकी आहेत. ‘वॉटरवर्ल्ड’ हा १९९५ चा इंग्रजी चित्रपट. त्यावर झालेल्या अफाट खर्चाच्या मानाने त्याला यश मिळाले नाही आणि आज तो फारसा कोणी आठवतही नाही. परंतु लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओत त्याच वर्षी त्यावर आधारलेला पाण्यावरील साहसांचा खेळ सुरू झाला आणि तो पुढे दशकानुदशके प्रेक्षकांनी भरून गेला. ‘अवतार’ हा चित्रपट २००९ चा. त्यावरील ‘पँडोरा’ हा विभाग फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात २०१७ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी उघडला. तोपर्यंत त्या चित्रपटातील पात्रांची नावेही लोक विसरले होते. तरी तेथे लांबच लांब रांगा लागल्या. तरंगत्या डोंगरांखालची वाट, रात्री उजळणाऱ्या वनस्पती आणि पंख असलेल्या प्राण्यावर बसून उडण्याचा अनुभव यांसाठी लोक आले. चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही ती जागा पुरेशी होती.

रामोजी फिल्म सिटीची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९६ मध्ये सुरू झालेले हे संकुल जगातील सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले आहे. तेथे खोटे रेल्वेस्थानक, खोटे विमानतळ, परदेशी वाटणारे रस्ते आहेत आणि २०१५ व २०१७ च्या ‘बाहुबली’ चित्रपटांतील माहिष्मती नगरीचे भव्य अवशेषही पाहुण्यांसाठी जपले आहेत. एका बाजूने राजवाडा दिसणारी भिंत मागून पोकळ निघते. दगड वाटणारा खांब वाजवून पाहावा तर आतून फायबर. येथील मजा भ्रमात रमण्याची नाही, भ्रम कसा तयार होतो हे पाहण्याची आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओचे आकर्षणही याच जातीचे होते. ‘जोधा अकबर’साठी उभा केलेला मोगल दरबार जवळून पाहताना त्या मागच्या सुतारांचे, रंगाऱ्यांचे हात डोळ्यांसमोर येत. मुलांना घेऊन जायचेच असेल तर असे काहीतरी दाखवावे. पडद्यावरचे वैभव कशाचे बनते हे एकदा पाहिलेले मूल पुढे कोणत्याही झगमगाटाकडे जरा अधिक जाणतेपणाने पाहते.

शिर्डीचे ‘साई तीर्थ’ हे आणखी एक पाऊल पुढे जाते. संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते उभारले. याच समूहाने २०२२ मध्ये अडचणीत आलेले इमॅजिकाही आपल्या हाती घेतले. साई तीर्थमध्ये तंत्र सगळे चित्रपटाचे आहे. मोठा पडदा, हलणारी आसने, हालचाल करणाऱ्या मूर्ती, सगळे काही आहे. पण कथा कोणत्याही एका चित्रपटाची नाही. तेथील एक खेळ ‘लंकादहना’चा आहे. गंमत अशी की दादासाहेब फाळके यांनीही १९१७ मध्ये ‘लंकादहन’ याच विषयावर चित्रपट काढला होता. शंभर वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच कथा निवडली, कारण ती समजावून सांगावी लागत नाही. आजी, सून आणि नातू तिघेही तिला आधीपासून ओळखतात. चित्रपट एका पिढीचा असतो, कथा सगळ्या घराची असते.

तेव्हा चित्रपटांवरची गावे आवडतात का, या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर असे देता येईल. चित्रपटाचे नाव माणसाला दारापर्यंत आणते. आत त्याला धरून ठेवते ती जागा. ज्याने तो चित्रपट पाहिलेला नाही, त्यालाही तेथे काही मिळते की नाही, ही खरी कसोटी. आपल्या घरात ही कसोटी लावायला आजीसारखा परीक्षक नाही. तिला तेथे सावलीत बसायला मिळेल काय, पाहण्यासारखे काही आहे काय, नातवंडे परतल्यावर त्यांच्याशी बोलायला तिच्यापाशी काही उरेल काय? तीन पिढ्यांची सहल ठरवताना हे तीन प्रश्न तिकिटाच्या दराआधी विचारावेत. मे महिन्यात कोकणाच्या पायथ्याचा उकाडा वऱ्हाडच्या कोरड्या उन्हापेक्षा वेगळा आणि थकवणारा असतो. उंच झोपाळ्यांवर लहान मुलांना उंचीची अट असते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ न देण्याची रीतही अशा बहुतेक ठिकाणी आहे. म्हणून कंदमुळे वर्ज्य असलेल्यांनी आणि चोविहार पाळणाऱ्यांनी जेवणाची चौकशी निघण्यापूर्वीच करून घ्यावी. सूर्यास्ताच्या वेळी रांगेत अडकून पडण्यापेक्षा ते बरे.

रामोजीहून परतलेल्या मुलांच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र आपल्या समाजाला विचारात पाडणारी आहे. ‘बाहुबली’ हा शब्द उच्चारला की आता अनेक घरांतील लहान मुलांच्या डोळ्यांसमोर धनुष्यबाण घेतलेला नट उभा राहतो. जिंकलेले राज्य भावाला देऊन वनात उभे राहिलेले, अंगावर वेली चढल्या तरी न हललेले बाहुबली त्यांना नंतर सांगावे लागतात. यात मुलांचा दोष नाही आणि चित्रपटाचाही नाही. ज्याने आपली कथा जागेवर नेऊन दाखवली, त्याची कथा लक्षात राहिली. श्रवणबेळगोळची दहाव्या शतकातील ५७ फुटांची मूर्ती किंवा कुंभोजची २८ फुटांची मूर्ती ज्या मुलाने पायथ्याशी उभे राहून, मान वर करून पाहिली आहे, त्याच्या मनात ही दोन नावे एकमेकांत मिसळत नाहीत.

आणि असे ठिकाण शोधायला धनजच्या माणसाला फार दूर जायला नको. तालुक्याचे गाव कारंजा. तेथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांची तीन मंदिरे, भट्टारकांच्या जुन्या गाद्या, लाकडावरचे कोरीव काम आणि १९१८ मध्ये समंतभद्र महाराजांनी स्थापन केलेला महावीर ब्रह्मचर्याश्रम आपण येता-जाता पाहतो, पण मुलांना हात धरून दाखवत नाही. तेथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांनी विद्वानांना अपभ्रंश भाषेचे एक विस्मृत जग उघडून दिले. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतच प्रसिद्ध झाले. त्या काव्यातील राजा करकंडाला तेरापूरजवळच्या डोंगरात एक हत्ती कमळ वाहताना दिसतो. तेथे खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती सापडते आणि राजा तेथे लेणी कोरवितो, असा कथाभाग आहे. हिरालालजींनी त्या जागेची सांगड आजच्या धाराशिवजवळच्या लेण्यांशी घातली. कथा कारंज्यातून प्रसिद्ध झाली आणि तिची भूमी मराठवाड्यात उभी आहे. एका प्रवासात दोन्ही पाहता येतात. तेथे रांग नाही, फायबरचा खांब नाही आणि ज्याने कथा ऐकलेली नाही त्यालाही डोंगराच्या पोटातील तो गारवा पुरेसा आहे.

इमॅजिकाला जावे, रामोजीही पाहावे. मुलांच्या हौसेला आपण दार लावू नये. फक्त सुट्टीच्या आठ दिवसांचा हिशेब मांडताना एक दिवस कारंज्यासाठी आणि एक धाराशिवसाठी राखून ठेवावा, आणि निघण्याच्या आदल्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांनी करकंडाची गोष्ट मुलांना सांगावी. पुढची वाट मुले स्वतः विचारतील.