डाव्या पायाची परीक्षा

चेन्नईला गेलेली मंडळी मरीना बीचवर जातात, महाबलीपुरमला जातात, नाहीतर टी. नगरात साड्यांच्या दुकानांत हरवतात. मला ऑफिसच्या कामानंतर एक शनिवार मोकळा मिळाला आणि मी सरळ बंगळूर हायवे पकडला. श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई लागतं. (एका दमात म्हणून बघा!) ह्युंदाईचा कारखाना इथलाच. आणि १९९० मध्ये सुरू झालेला, ३.७ किलोमीटरचा रेस ट्रॅकही इथेच. त्याआधी मद्रासच्या रेसेस शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर. २००५ मध्ये एफ-वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच इरुंगट्टुकोट्टईत घडला.

मी नावनोंदणी केली होती एका दिवसाच्या ड्रायव्हिंग कोर्सची. खरं कारण सांगू? गेल्या वर्षी खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये मी बाबांच्या गाडीची क्लच प्लेट जाळली. तो विषय आमच्याकडे अजून जेवताना निघतो.

वाटलं होतं, वेगाची भीती वाटेल. पण सकाळचे दोन तास गेले फक्त जागेवरून निघण्यात! सिंगल सीटर, जमिनीला टेकलेली सीट, अंगात घट्ट बसलेला सूट आणि डोक्यावर तामिळनाडूचं ऊन. झेंडा पडला, मी क्लच सोडला... गाडी बंद. पुन्हा झेंडा, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर मागची चाकं जागच्या जागी गरगरली, धूर निघाला आणि शेजारचा कॉलेजकुमार कधीच पुढे!

‘मेदुवा, तंबी, मेदुवा,’ पन्नाशीतले मास्तर म्हणाले. हळू, भावा, हळू. रेस ट्रॅकवर!

मग त्यांनी फंडा समजावला. इंजिन फिरतंय, चाकं उभी आहेत. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. एकदम सोडलात तर एक तर इंजिन गुदमरतं, नाहीतर टायर घसरतो. आणि घसरणारा टायर गाडी ढकलत नाही, नुसता तापतो. फार वेळ अर्धवट धरलात तर प्लेट जळते. (खंबाटकी!) म्हणून इंजिनचे फेरे एका आवाजावर स्थिर ठेवायचे, क्लच जिथे पकडायला लागतो त्या बिंदूपर्यंत आणायचा, तिथे क्षणभर थांबायचं आणि गाडी सरकली की उरलेला सोडायचा. तो बिंदू प्रत्येक गाडीत वेगळा, आणि क्लच तापला की तोही हलतो. पुस्तकातून कळत नाही, पोटरीला कळतो.

बड्या लोकांचंही हेच. एफ-वनमध्ये क्लच स्टिअरिंगमागे, बोटांशी असतो. पण २००४ पासून आपोआप स्टार्ट करून देणारी यंत्रणा बंद झाली आणि २०१५ च्या बेल्जियन ग्रांप्रीपासून रेडिओवरून स्टार्टची मदतही गेली. २०१६ मध्ये मोंझाला लुईस हॅमिल्टन सर्वांत पुढून निघाला आणि पहिल्याच वळणाला सहावा होता! शेवटी दुसरा आला, रोझबर्ग जिंकला. त्या वर्षीचं विजेतेपद हॅमिल्टनने गमावलं ते अवघ्या ५ गुणांनी. चुकलेला स्टार्ट तो एकच नव्हता म्हणा, पण ५ गुण!

दुपारी शेवटचा स्टार्ट. डोळे झेंड्यावर, लक्ष मात्र तळपायात. पेडल हलकेच थरथरलं, तिथेच थांबलो. झेंडा पडला. गाडीने ना धूर काढला, ना हिसका दिला. पाठ सीटला चिकटली आणि कॉलेजकुमार आरशात दिसला. तो पुढे तिसऱ्या वळणावर मला आरामात गाठून गेला, ते सोडा.

पिटमध्ये परतल्यावर मास्तर गाडीच्या मागे वाकले, वास घेतला. जळका नव्हता. ‘ओके, तंबी,’ इतकंच म्हणाले.

हेल्मेट काढण्याआधीच मी बाबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘मग खंबाटकीत काय झालं होतं?’